भाऊरावांच्या गाण्याची कॅसेट

सौसरच्या बस स्टँडमागे सुधाकरचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. लग्न असो की जयंती, भोंगे त्याचेच. तबकडीवरची गाणी कॅसेटमध्ये भरून द्यायचं कामही तो करी, आणि शहाऐंशी साली त्याच कामानं त्याच्या जिवाला घोर लावला.

मोहगावचे भाऊराव म्हणजे एकेकाळचे भीमगीतांचे नावाजलेले गायक. तरुणपणी त्यांची एकच तबकडी निघाली होती. घशाच्या ऑपरेशननंतर गळा गेला तो गेलाच. जेमतेम कुजबुजता येई. घरी टेपरेकॉर्डर होता, पण तबकडी वाजवायला काही नव्हतं. म्हणून त्यांची बायको यमुनाबाई तबकडी फडक्यात गुंडाळून घेऊन आली आणि सुधाकरनं कॅसेट भरून दिली.

आठवडा गेला नाही तोच ती परत दारात.

"सुधाकरभाऊ, दुसऱ्याच कोनाचा आवाज भरला का तुमी? यायले पटूनच नाही राहिला. म्हनते, हा तं कोनी म्हातारा रडून राहिला."

सुधाकरनं दुकानातल्या टेपवर लावून पाहिली. गाणं अगदी स्वच्छ. मग सायकल काढून तो मोहगावला गेला आणि तिथं ऐकताच त्याला उमगलं: भाऊरावांचा टेपच हळू फिरत होता. पण जावयानं नागपूरहून आणलेली ती वस्तू. उघडू म्हटलं, तर भाऊरावांनी त्यावर हातच ठेवला.

"मशीन बरी हाये," ते कुजबुजले. "गानं बिघडलं."

सुधाकरनं वाद न घालता कॅसेट आणि तबकडी सोबत घेतली. दुकानात येऊन त्यानं तबकडीचा वेग थोडा चढवला आणि त्याच कॅसेटवर गाणं पुन्हा भरलं. आता भाऊरावांच्या टेपवर ते बरोबर वाजलं. डोळे मिटून ऐकताना त्यांची बोटं मांडीवर ठेका धरू लागली. ही कॅसेट दुसरीकडे लावू नका, एवढं सांगायचं मात्र राहून गेलं.

बोरगावच्या जयंतीत यमुनाबाईनं हौसेनं तीच कॅसेट मंडळाच्या लोकांना दिली. सुधाकर तेव्हा मंडपाबाहेर वायर जोडत होता. भोंग्यातून चिरका, धापा टाकणारा आवाज आला. आधी पोरं खिदळली, मग मोठेही. त्यानं धावत जाऊन टेप बंद केला, माईकवर समजावू लागला. पण ऐकतो कोण? पुढच्या रांगेतले भाऊराव उठून चालू लागले होते.

दुसऱ्या दिवशी तो मोहगावला गेला. यमुनाबाईनं 'बसा'ही म्हटलं नाही. भाऊरावांनी मात्र टेप आणि तबकडी, दोन्ही त्याच्यापुढं सरकवली. त्यानं दुकानात टेपच्या मोटरचा स्क्रू फिरवून वेग जुळवला, कॅसेट नव्यानं भरली आणि नेऊन लावली.

"आता कुठंबी वाजवा. आवाज बरोबर हाये ना, भाऊराव?"

त्यांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

"मलेच समजून नाही राहिलं आता," ते म्हणाले.

"तुमचाच हाये," यमुनाबाई म्हणाली.

"असंन."

पुढं कोणी कॅसेट भरायला आलं की सुधाकर आधी त्यांचा टेप मागवून घेई. भाऊराव वर्षभरानं गेले. मधल्या काळात त्यांनी ती कॅसेट कधी लावली का, हे यमुनाबाईला विचारायचा धीर त्याला झाला नाही.