शेजारणीची पट्टी

तिरोड्याजवळच्या आमच्या गावात रोवणीला बाया भाताच्या बांधीत रांगेनं उतरतात. प्रत्येकीच्या वाट्याला चिखलाची एक पट्टी येते आणि धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, लावत सगळ्या मागं मागं सरकतात. जिचा हात भरभर चालतो ती एकटी मोकळी होत नाही, शेजारणीच्या पट्टीत हात घालते. हे मला कुणी सांगितलं नाही. आईच्या बाजूला वाकून काम करता करता अंगात आलं.

घरातली पहिली पदवी माझी. कॉलेजातले सर सुट्टीच्या दिवशीही शिकवायचे, म्हणूनच गेल्या वर्षी पुण्याला शिक्षक-प्रशिक्षणाच्या निवडीपर्यंत पोचले. तिथं गटचर्चा होती, मुलं शाळा का सोडतात यावर. माझं बोलून झालं. शेजारची मुलगी मात्र मध्येच अडकली. मी म्हणाले, "यांना असं म्हणायचंय की," आणि तिचा मुद्दा पुरा केला. मग तिला धीर आला, छान बोलली. तिची निवड झाली. मला परीक्षक बाई म्हणाल्या, "तुमचं स्वतःचं मत दिसलंच नाही."

सर फोनवर चिडले. "तू चर्चेला गेली होतीस की रोवणीला?"

आई तांदूळ निवडत होती. "त्या पोरीचा तरी नंबर लागला नं?"

"हो."

"मंग तोंड पाडून काऊन बसून राहिली वं?"

मला दोघांचंही पटलं. माणूस ज्यांच्यात वाढतो त्यांच्यासारखा विचार करायला शिकतो, यावर मी बी.ए.ला मोठं उत्तर लिहिलं होतं, मार्कही बरे मिळाले होते. ते उत्तर आपल्यावरच आहे, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

यंदा पुन्हा निवड आहे. वयाच्या अटीमुळं माझी ही शेवटचीच. काल सरांनी सराव घेतला, शेजारी पहिल्या वर्षाची एक मुलगी बसवली. ती अडकली. माझ्या तोंडाशी तिचं वाक्य तयार होतं. सर माझ्याकडेच बघत होते. मी गप्प राहिले.

"बरोबर," सर म्हणाले. "असंच करायचं."

ती मुलगी अजून माझ्याकडं बघत होती. मी सरांना थँक्यू म्हणाले, आणि नेमकं काय बरोबर केलं ते सायकलवरून घरी आले तरी मला कळलं नाही.