कुल्फीवाल्याच्या पेटीतलं इन्सुलिन

आमच्या जिल्ह्यात द्राक्षांची फार काळजी घेतात. द्राक्षांना शीतगृह, द्राक्षांना एसी कंटेनर. एका मण्याला शिंक आली तर चार शास्त्रज्ञ बांधावर हजर. माझी आई द्राक्ष नाही, एवढीच तिची अडचण. तिला इन्सुलिन लागतं, ते थंड ठेवावं लागतं, आणि हरसूलच्या पुढच्या आमच्या पाड्यावर वीज येते ती चहासुद्धा न घेता निघून जाते.

हरसूलच्या दवाखान्यात इन्सुलिन येणार आहे, असं मी मिसरूड फुटल्यापासून ऐकतोय. बहुधा पायी निघालं असावं. म्हणून नाशिकला अंबडच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून मी तिथल्याच सरकारी दवाखान्यात रांग लावायचो. रांग अशी की पुढच्यावर पाऊस पडला तरी मागच्याला ऊनच.

गेल्या उन्हाळ्यात मला अक्कल सुचली. आठवडे बाजाराला हरसूलला जाणाऱ्या कुल्फीवाल्याकडे महिन्याच्या दोन्ही बाटल्या दिल्या. कुल्फी टिकते, तर औषध का नाही टिकणार? माणूस भला. ‘मावशीचं औषध आहे,’ म्हणत त्यानं ते पेटीच्या तळाशी, मीठ घातलेल्या बर्फात गाडलं.

आईचा फोन आला. "लय गार आलंय बाबा. दगडावानी वाजतंय."

गोठलेलं इन्सुलिन वाया जातं, हे मला गावातल्या नर्सबाईंनी फोनवर सांगितलं. घरात जुनं दोन दिवसांपुरतं होतं. बाहेरच्या मेडिकलमधली किंमत ऐकून माझीच साखर उतरली. धावत सरकारी खिडकी गाठली.

"महिन्याचं नेलंत ना?"

"गोठलं, साहेब. कुल्फीच्या पेटीत."

साहेब हसले नाहीत. "पेशंटला आणा. पेशंट बघितल्याशिवाय जादा मिळत नाही."

तिसऱ्या दिवशी आई आली. आधी पायी, मग जीप, मग एसटी, मग रिक्षा. विमान तेवढं राहिलं. सकाळचा डोस चुकलेला, ओठ सुकलेले. साहेबांनी मान खाली घालूनच हात पुढे केला. "कागद."

"आधी माझ्याकडं बघ."

"बघितलं, आजी."

"कुठं बघितलंस? टकलानं? दोन डोंगर उतरून हे तोंड तुला दाखवायला आणलंय!"

अख्खी रांग फिसकन हसली. साहेबांनी मान वर केली, नीट बघितलं आणि बाटल्या काढून दिल्या.

आई बाहेर पायरीवर बसली. पिशवीतून सुई काढली आणि तिथंच टोचून घेतलं.

"अगं, घरी जाऊन तरी..."

"गप. पोटात गेलं तेवढं तरी कुणाच्या बापाला गोठवता यायचं नाय," ती म्हणाली आणि नागलीच्या भाकरीचं फडकं सोडलं.