लाल वेगळी, पिवळी वेगळी

बॉनेट उघडलं की काका शर्टाच्या खिशातून दहा नंबरचा पाना काढायचे, बॅटरीची मायनसची वायर सोडवायचे, तिच्या टोकावर जुना हातमोजा चढवायचे आणि मग म्हणायचे, "हं, आता बोला." पेशंटला भूल देऊन झाली आणि डॉक्टर नातेवाइकांशी बोलायला मोकळे झाले, असा चेहरा.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात गाडीच्या दारातून ज्यांचे फक्त पाय बाहेर दिसतात, ती.

मी अंधेरीला गाड्यांचं सामान बसवायच्या दुकानात फिटर आहे. गाव हिंगोलीकडचं. शाळा आठवीत सुटली. शेठनी दुकानाच्या माळ्यावर झोपायला जागा दिली, म्हणून मुंबईत टिकलो. पण काम गेलं तर त्याच संध्याकाळी अंथरूणही जाणार, हे डोक्यातून कधी जायचं नाही. शेठनी नुसती हाक मारली तरी मी हातातलं काम टाकून धावायचो.

काका आमच्या दुकानाचं गिऱ्हाईक, राहायला जोगेश्वरीला. त्यांची गाडी पांढरी, वीस वर्षांची, आतला टेप कॅसेटचा. त्यांनी फोनला जोडता येणारा नवा सेट घेतला आणि म्हणाले, "बसवणार मी."

शेठ हसले. "काका, फिटिंग आपण करून देतो ना. पंधरा मिनिटांचं काम."

"तुमची पंधरा मिनिटं माहीत आहेत मला. वायरी कापता, पिळता आणि वर टेप गुंडाळता. टेलिफोनच्या वायरी जोडण्यात जन्म गेला माझा. पिळलेली वायर बघवत नाही मला."

मग ते दर दोन दिवसांनी यायला लागले. हातात कॅलेंडरचं फाटलेलं पान, त्याच्या मागे आकृती. "एकच विचारतो हं," म्हणायचे आणि चार प्रश्न विचारायचे. शेठ त्यांना लांबून बघूनच म्हणायचे, "आले शास्त्रज्ञ. जा रे, तूच बघ." मी बघायचो. त्या आकृतीवर इंग्रजीत काय लिहिलंय ते मला कळायचं नाही, मी नुसती मान हलवायचो. काकांच्या ते लक्षात आलं असणार. पुढच्या वेळी त्यांच्या पानावर सगळं मराठीत होतं. मागचा डावा, पुढचा उजवा, किल्ली, बॅटरी.

"काय कारागीर, बरोबर आहे ना?"

कारागीर. मला तोवर पोऱ्या, छोटू, ए हिंगोली, एवढंच ऐकायची सवय होती.

सगळी खटपट काकूंसाठी होती, हे नंतर कळलं. काकूंचं भजनी मंडळ. मुलुंडला स्पर्धा होती आणि त्या वर्षी पहिल्यांदाच काकू पुढे बसून गाणार होत्या. गाडीत जाता-येता फोनवरच्या चाली ऐकून सराव व्हावा, म्हणून नवा सेट. आणि झालं काय, तर तीन आठवडे डॅशबोर्ड उघडा आणि काकूंच्या मांडीवर वायरींचा झुबका. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, माझं भजन व्हायच्या आत तो टेप एकदाचा दुकानात टाका. नाहीतर मी वायरी धरूनच गाते."

काका गाडी घेऊन आले. चेहरा असा, की मुलाला बोर्डिंगात ठेवायला आलेत.

त्या दिवशी दुकानात रांग लागली होती. शेठ ओरडत होते. आता हे जरा समजून घ्या. लाल वायर किल्लीवर चालते, पिवळी थेट बॅटरीवर. दोन्ही एकत्र पिळल्या की किल्ली नसतानाही सेट चालू राहतो, गिऱ्हाईक खूश आणि फिटरचं काम निम्मं. आमच्याकडे सगळे असंच करायचे. नव्या गाडीत खपून जातं. जुन्या गाडीची बॅटरी आधीच थकलेली, ती उभ्या उभ्या रिकामी होते.

काकांनी खिडकीतून वाकून विचारलं, "लाल वेगळी ठेवलीस ना रे?"

"हो काका," मी म्हणालो. दोन्ही वायरी तेव्हा माझ्या बोटांत पिळलेल्या होत्या.

चार दिवस गाडी आवारात उभी राहिली. शनिवारी दुपारी काकू, मंडळातल्या तिघी बायका, पेटी, टाळांची पिशवी, सगळं गाडीत बसलं. काकांनी किल्ली फिरवली. टक. परत फिरवली. टक. धक्का मारून झाला, शेजाऱ्याला बोलावून झालं. मग रिक्षांची शोधाशोध. मुलुंडला पोचेपर्यंत काकूंच्या मंडळाचा नंबर पुकारून झाला होता.

सोमवारी काका दुकानात आले तेव्हा मी एका गाडीच्या सीटखाली होतो. तिथेच राहिलो. त्यांनी बॅटरीचं सांगितलं, तसे शेठ माझ्या नावानं ओरडलेच. "ए! बाहेर ये! काय करून ठेवलंस काकांच्या गाडीत? मागच्या महिन्यातच बोललो होतो ना, अजून एक तक्रार आली की सरळ गावचा रस्ता?"

मी बाहेर आलो. काका माझ्याकडे बघत होते.

"त्याला कशाला ओरडता?" ते म्हणाले. "मीच परत उघडलं होतं घरी. हात शिवशिवत होते. लाल-पिवळी एक करून बसलो."

शेठना हसू आवरेना. "बघा! म्हणून सांगतो, काका, घरी नका करू. दुकान कशाला आहे?"

"खरं आहे," काका म्हणाले. टेलिफोनच्या वायरी जोडण्यात जन्म घालवलेला माणूस मान खाली घालून म्हणाला, खरं आहे.

जाताना हळूच म्हणाले, "रविवारी सुट्टी ना तुला? घरी ये."

रविवारी जोगेश्वरीला त्यांच्या आवारात गेलो. वाटलं, आता बोलतील. त्यांनी बॅटरी सोडवली, हातमोजा चढवला, मला पुढच्या सीटवर बसवलं आणि आकृतीचं पान हातात दिलं. "वाच." मी वाचलं. "आता सोडव." मी सोडवलं. प्रत्येक जोड कथलाचा डाग देऊन पक्का करायचा, त्यावर प्लास्टिकची नळी चढवायची, मग पुढची वायर. पाच तास लागले. खोटं का बोललास, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मीच म्हणालो, "काका, काकूंना..."

"काकूचं मी बघतो. तू लाल बघ."

त्यानंतर किती रविवार मी तिथं गेलो, सांगता येणार नाही. आवारातल्या जुन्या गाड्या आम्ही दोघं मिळून करायचो. इंग्रजी आकृती मला आता वाचता येते. दुकानात लाल-पिवळी मी पिळत नाही. वेळ लागतो म्हणून शेठ कुरकुरतात, पण जुन्या गाड्यांची माणसं मलाच विचारत येतात. आणि शेठ येईल त्या गिऱ्हाइकाला शास्त्रज्ञ काकांची गोष्ट सांगायचे. मी स्क्रू मोजत बसायचो.

यंदाच्या थंडीत काका गेले. झोपेतच. मला आठवड्यानं कळलं.

भेटायला गेलो. काकूंनी चहा केला. बोलता बोलता हसल्या. "हात लावल्याशिवाय राहवत नसे बघ त्यांना. दुकानातून चांगला बसवून आणलेला टेप घरी आणून बिघडवला. माझी स्पर्धा गेली. मग दुसरीच पुढे बसायला लागली, माझा आवाजही उतरला. पंधरा दिवस बोलले नव्हते मी त्यांच्याशी. नंतरही कधी आठवलं की मी टोचून बोलायचे. ते आपले ऐकून घ्यायचे."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"काकू, त्यांनी नव्हतं उघडलं. वायर मी पिळली होती. त्यांनी विचारलं तेव्हा खोटंही बोललो. माझं काम जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतःवर घेतलं."

काकूंनी समोरची बशी बाजूला सरकवली.

"मला तरी सांगायचं होतं त्यांनी," त्या म्हणाल्या. मग, "तूही किती वर्षं येतोस रे या घरात."



त्या उठल्या, खुंटीवरची गाडीची किल्ली काढली. "चल खाली. दार उघडून दे. मला ते जमत नाही."

गाडीवर धूळ होती. मी दार उघडलं. काकू डावीकडे, त्यांच्या नेहमीच्या जागी बसल्या. मी सेट चालू करायला हात पुढे केला.

"काही लावू नकोस. दार लाव आणि जा तू."

मी फाटकापर्यंत गेलो आणि मागे वळून पाहिलं. काचा बंद होत्या. काकू ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे तोंड करून बसल्या होत्या आणि भरभर काहीतरी बोलत होत्या.