वरच्या ‘सा’चा रजेचा अर्ज

लाखांदूरच्या बँड पार्टीत मी क्लॅरिनेट वाजवायचो. लाल कोट, पिवळी झालर आणि वैशाखाच्या उन्हात आतून घामाची आंघोळ. सत्तरचं दशक संपत आलं होतं. ट्रंपेट आमचे उस्ताद वाजवायचे. तरुणपणी ते मुंबईच्या एका हॉटेलात जाझ वाजवून आलेले. तिथून परत का आले, हे त्यांनी प्रत्येकाला वेगळं सांगितलं होतं. मला सांगितलं, तिथला समुद्र बेसूर होता. जाझ म्हणजे काय असं कोणी विचारलं, की म्हणायचे, "ज्यात वाजवणाऱ्याले पुढं काय होनार ते माहीत नसते, ते जाझ. आपल्या बँडात त ते रोजच होते."

ट्रंपेटच्या तोंडावर पितळी गडवा धरून, उघडझाप करत ते सूर असा काही वळवायचे की ट्रंपेट रडतंय की हसतंय कळायचं नाही. एकदा एका वरमायला वाटलं, उस्तादांना तहान लागली. तिने गडवा पाण्याने भरून दिला. उस्तादांनी नमस्कार केला, पाणी प्यायले आणि पुढचं कडवं वाजवलं. अलीकडे हसतानाही तोच गडवा तोंडावर धरायची त्यांना सवय लागली होती. आम्हाला तोही विनोदच वाटायचा.

मी तापट माणूस. तेव्हा तर फारच. उस्तादांनंतर मुख्य सूर धरायची पाळी माझी होती, आणि मला ती हवी होती. मोठा ढोल खुद्द मालक वाजवायचे. दर हंगामाच्या सुरुवातीला ते एकच गोष्ट बजावायचे, "ज्याचा सूर फाटला, त्यानं आपल्या हातानं कोट उतरवून द्यावा." मी मनातल्या मनात उस्तादांचा कोट कितीदा तरी अंगात घालून पाहिला होता.

पहिल्यांदा ते झालं आसगावच्या वरातीत. गाणं रंगात आलं, चाल चढत चढत वरच्या ‘सा’पर्यंत गेली आणि ऐन त्या ठिकाणी उस्तादांनी ट्रंपेट तोंडापासून बाजूला घेतलं. आभाळाकडे पाहिलं. तो सा वाजलाच नाही. पुढच्या मात्रेला ट्रंपेट पुन्हा ओठांवर. वरात गोंधळली. तेवढ्यात पुढे उभ्या असलेल्या गुरुजींनी खिशातून वहीचा कागद काढला.

हे गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, उस्तादांचे वेडे भक्त. आमंत्रण असो नसो, प्रत्येक लग्नाला सायकल हाणत यायचे. त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं: "माननीय बँडमास्तर यांस. महोदय, आज माझ्या मामेबहिणीचं लग्न असल्यामुळे मी कामावर हजर राहू शकत नाही. तरी एक दिवसाची रजा मंजूर व्हावी, ही विनंती. आपला आज्ञाधारक, वरचा सा."

लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. मालकही हसले. त्या दिवसापासून आमचा बँड पंचक्रोशीत ‘सुट्टीवाला बँड’ झाला.

दुसऱ्या वर्षी ‘नी’ला गोवर आला. त्याच्या पुढच्या वर्षी ‘ध’ धानाच्या रोवणीला गेला, तोही उन्हाळ्यात. गुरुजी अर्ज वाचायचे, उस्ताद गंभीर चेहऱ्याने मान डोलवायचे. लोकांना इतकी सवय झाली, की रिकामी जागा आली की अख्खी वरात एकदम श्वास रोखायची. लग्नानंतर पानठेल्यावर शौकिनांचे वाद चालायचे.

"आजचा सा कसा होता?"

"काय विचारतं! असा सा मी जन्मात आयकला नाई."

मला हे सगळं पोरकट वाटायचं. सुराची टिंगल वाटायची. शेवटी मालकांच्या पुतणीच्या लग्नात माझं डोकं फिरलं. ती जागा आली, उस्तादांनी ट्रंपेट खाली घेतलं आणि मी क्लॅरिनेटवर वरचा सा लावला. लखलखीत लागला. पण कोणीच हसलं नाही, कोणी नाचलं नाही. गुरुजी पुढे आले आणि हळूच म्हणाले, "बाबू, त्याची रजा मंजूर होती. तू काहून हजेरी लावली?"

जेवणाच्या वेळी मी उस्तादांना शोधत मांडवामागे गेलो. भांडायलाच गेलो होतो. ते रांजणाजवळ पाठमोरे उभे होते. तोंडातून काहीतरी काढून पाण्यात धूत होते. ते मेण होतं. मधाच्या पोळ्याचं, दोन दातांच्या मापाचं. वरचे पुढचे दोन्ही दात गेलेले होते.

"वरचा सूर लावाले गेलो का दाब येते," ते म्हणाले, "अन् हे निसटून जाते. उन्हात त आनखीनच नरम होऊन राहते." मग गडवा तोंडावर धरून त्यांनी विचारलं, "मालकाले सांगशीन का? बाबू, ह्या कोटाबिगर मले दुसरं काईच येत नाई."

तीन वर्षं मी या माणसाच्या खांद्याला खांदा लावून वाजवत होतो. जो सूर ओठांत उरला नव्हता त्याची जागा त्यांनी अशी राखली होती, की शे-दोनशे माणसांना तो ऐकू येत होता. मीच तेवढा बहिरा. आयुष्यात पुष्कळ मोठे वाजवणारे नंतर ऐकले, पण इतका थक्क मी पुन्हा कधी झालो नाही.

"नाई सांगत, उस्ताद," मी म्हणालो.

त्यानंतर आणखी दोन हंगाम गेले. ‘प’ही रजेवर गेला. शेवटी उस्तादांकडे चारच सूर उरले, आणि त्या चार सुरांवर त्यांनी वराती नाचवल्या.

मग कोंढ्याचं लग्न आलं. वरात निघण्याआधी गुरुजींनी कागद काढला. या वेळी अक्षर त्यांचं नव्हतं, उस्तादांचं होतं. वाचताना गुरुजींचा आवाज खणखणीत लागला नाही.

"माननीय मालक यांस. विषय: बदली मिळणेबाबत. महोदय, मी वरचा सा, बरीच वर्षं रजेवर आहे. रजा आता शिल्लक नाही. तरी आजपासून माझी बदली क्लॅरिनेटवर करावी, ही विनंती. तिथला माणूस तापट आहे, पण मला सांभाळील."

लोक हसायला लागले आणि मधेच थांबले. मी मालकांकडे पाहिलं. मालक ढोलावरची काठी हातात धरून उस्तादांकडे बघत होते. त्यांना कधीपासून ठाऊक होतं, हे मी पुढे कधी विचारलं नाही.

"मंजूर!" मालक ओरडले आणि ढोलावर काठी मारली.

गाणं चढत गेलं. ती जागा आली. सवयीने अख्ख्या वरातीने श्वास रोखला. मी वरचा सा लावला.

"हजर!" गुरुजी ओरडले.

उस्तादांनी गडवा खाली ठेवला आणि भर वरातीत, बोळकं तोंड उघडून, मोठ्याने हसले.