फलकाची पाठ

सरकार आपल्या गल्लीत पैसे घेऊन येतंय म्हटलं, की माझ्या मनात पाल चुकचुकतेच. त्याला माझा इलाज नाही. तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली, आवक-जावकच्या टेबलावर बसलो. कुठली फाईल धावते आणि कुठली बसून राहते, आणि का, हे मला नुसत्या वासावरून कळायचं.

त्यामुळे दोनेक वर्षांपूर्वी महाडच्या आमच्या नदीकाठच्या गल्लीत एक गाडी थांबली आणि उतरलेल्या मंडळींनी 'किनारी वारसा मार्ग' होणार असं जाहीर केलं, तेव्हा मी पहिला प्रश्न टाकला, "किनारा? इथे समुद्र कुठे दिसला तुम्हाला?" त्यांच्यातला इंजिनिअर माझ्या मुलाच्या वयाचा. गडबडला नाही. म्हणाला, "काका, पूर्वी भरतीबरोबर गलबतं खाडीतून थेट महाडपर्यंत यायची. तुमच्या ह्या बंदराच्या पायऱ्या म्हणजे आपल्या मार्गाचं शेवटचं ठिकाण." पायऱ्यांची डागडुजी होणार, फरसबंदी होणार, बसायला कट्टा, दिवे. सगळा सरकारी निधी, लोकांकडून एक पैसा नको. एक पैसा नको म्हणाला आणि माझी खात्रीच पटली. कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्या पायऱ्यांना आमच्याकडे वारसाबिरसा कोणी म्हणत नव्हतं. आमचं ते पुराचं माप. वर पोलादपूरकडे पाऊस लागला आणि खाली खाडीला भरती असली, की सावित्री बघता बघता एकेक पायरी गिळत वर येते. वरून पाच पायऱ्या उरल्या, की गल्लीत पाणी शिरायला साधारण तासभर. तेवढ्या वेळात माल माळ्यावर चढवायचा, गाड्या चढावर नेऊन लावायच्या, आणि चौघांनी मिळून बाईंना खुर्चीत बसवून माझ्या घरी वरच्या मजल्यावर आणायचं.

बाई म्हणजे प्राथमिक शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. अर्धी गल्ली त्यांच्या हाताखाली शिकली, माझी दोन्ही मुलंसुद्धा. एकदा मोरीत घसरल्या आणि कंबरेखालचं सगळंच गेलं. त्यांचं घर गल्लीत शेवटचं, सगळ्यात सखल, पायऱ्यांना लागून. मुलगा एसटीवर ड्रायव्हर, सून एमआयडीसीत कामाला. दिवसभर बाई एकट्या. पण खाट खिडकीखाली, आणि खिडकीतून पायऱ्या सरळ दिसायच्या. म्हणून मोजायचं काम त्यांच्याकडे. गळ्यात शाळेतली कवायतीची शिट्टी. पाच पायऱ्या उरल्या, की एक लांब शिट्टी. इतक्या पावसाळ्यांत कधी एका पायरीचा उशीर नाही. मोबाईलवर काय इशारे येतात ते येवोत, आमची गल्ली उठायची ती बाईंच्या शिट्टीवर. "पगार संपलाय भाऊसाहेब, नोकरी चालू आहे," त्या म्हणायच्या. आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की बघत राहावं.

काम सुरू झालं आणि मी खुर्ची टाकून बसलो. अगदी रोज. सिमेंटची गोणी फुटली की रेतीत किती पडतंय ते बघायचं, दगड कुठून आला विचारायचं. मुकादम वरंधचा, मिस्कील माणूस. "काका, हितं बसून ऱ्हाण्यापरीस कामावर या ना, हजेरी लावतो तुमची." मला हसू आलं नाही. आधी हा हसवणार, मग चहा पाजणार, मग मी गप्प बसणार, असलं सगळं मी उभ्या आयुष्यात पुष्कळ पाहिलंय. तसं खोट काढावी असं काही सापडत नव्हतं, आणि नेमका त्याचाच मला जास्त संशय येत होता.

शेवटी सापडलं. कामाच्या जागी फलक नव्हता. कुठल्या योजनेतून, किती निधी, ठेकेदार कोण, मुदत काय, हे सगळं लिहून लावायचं असतं. तसा नियमच आहे. एक अर्ज केला, दुसरा केला, तिसरा स्वतः जाऊन साहेबाच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं, "माहितीच्या अधिकारात टाकीन." इंजिनिअरने हात जोडले. "लावतो काका. चांगला मोठ्ठा लावतो. कुठे लावू तेवढं दाखवा." मी ऐटीत पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. "इथे. येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांत भरला पाहिजे."

आणि लावला की पठ्ठ्याने! काँक्रीटमध्ये दोन खांब गाडले आणि त्यांवर लग्नाच्या मांडवाला कमान असते तेवढा रुंद पत्रा ठोकला. गल्लीतल्या पोरांनी मला त्याच्याशेजारी उभं करून फोटो काढले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी माझं ऐकलं होतं. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती माझी.

चार-पाच दिवसांनी चवळीच्या शेंगा घेऊन बाईंकडे गेलो. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, तो फलक जरा बाजूला सरकवायला सांगा ना त्यांना."

झालं! त्याच सकाळी मी मुकादमाला बाईंच्या उंबऱ्याशी फरशीचे उरलेले दगड बसवून देताना पाहिलं होतं. फुकट. मी फटकन विचारलं, "कोणी सांगितलं तुम्हाला असं बोलायला?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग "कोणी नाही," एवढंच म्हणून त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, "ठेकेदाराने बाईंनाही फितवलं." ती भांडी लावत होती. म्हणाली, "तुमचं आपलं काहीतरीच. उद्या माझ्यावरही घ्याल संशय." मी तिकडे लक्ष दिलं नाही.

आषाढ आला. एक दिवस पहाटेपासून पाऊस थांबायचं नाव घेईना. कशेडी घाटात दरड आली, हायवे बंद, अशा बातम्या येत होत्या. मी जेवून आडवा झालो. बाई आहेत ना, शिट्टी होईल, मग बघू. डोळा लागत होता आणि बायको खालून ओरडली, "अहो, पाणी! गल्लीत पाणी शिरलं!"

शिट्टी ऐकू आली ती त्यानंतर. लांब नाही, तुटक तुटक, एकामागून एक.

मी, गिरणीवाला आणि त्याचे दोघे भाऊ, असे चौघे गुडघाभर पाण्यातून धावलो. बाईंच्या घरात पाणी खाटेच्या गादीला लागलं होतं. त्या खिडकीच्या गजांना धरून बसल्या होत्या, शिट्टी दातांत घट्ट. खुर्ची केव्हाच आडवी होऊन मोरीपाशी तरंगत होती. चादरीची झोळी करून कसंबसं त्यांना आणलं. गिरणीतलं पीठ, धान्य, सगळं भिजून गेलं.

बायकोने बाईंना कोरडं लुगडं नेसवलं, चहा दिला. मला इतकी भीती वाटली होती की मी त्यांच्यावरच ओरडलो. "बाई, पाच पायऱ्यांना शिट्टी का नाही वाजवलीत?"

"मला पायऱ्या दिसत नाहीत, भाऊसाहेब. फलक लागला त्या दिवसापासून."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. तुम्ही विचारलंत, कोणी सांगितलं. का, असं विचारलं असतंत तर बोलले असते."

पाणी ओसरल्यावर मी त्यांच्या घरातला चिखल काढायला गेलो. सून बाहेर गाद्या वाळत घालत होती. मी खाटेवर बाईंच्या उशीच्या जागी डोकं टेकवलं आणि खिडकीतून पाहिलं. करडा पत्रा, दोन लोखंडी पट्ट्या, बाकी काही नाही. गल्लीतल्या सगळ्यांनी तो फलक समोरून वाचला होता. पाठ एकट्या बाईंच्या वाट्याला आली होती.

पायऱ्यांचं म्हणाल, तर एवढ्या पुरात एक दगड हलला नाही. मी फलक सरकवण्यासाठी अर्ज केला. महिन्याने उत्तर आलं: सदर फलक अर्जदाराच्या मागणीवरून, अर्जदाराने दाखवलेल्या जागी लावण्यात आला आहे. सोबत माझ्याच तिन्ही अर्जांच्या प्रती. कागद दोनदा वाचला. त्यात काही काळंबेरं सापडलं नाही. नवीन अर्ज केलाय, तो कुठल्या टेबलावर बसलाय मला ठाऊक आहे.

तोवर पावसाचा जोर वाढला की मी छत्री घेऊन पायऱ्यांवर जातो, मोजतो आणि बाईंना येऊन सांगतो. शिट्टी त्यांच्याच गळ्यात आहे.

"किती?"

"सात उरल्यात."

बाई माझ्याकडे बघतात. "स्वतः मोजल्यात?"

"हो."

"परत जाऊन बघून या."

मी छत्री उचलतो आणि जातो.