मशीन नंबर सात

सरांनी भिंतीतला प्लग खेचला आणि मशीन नंबर सातची स्क्रीन काळी झाली. माझा हात अजून माउसवर होता.

"हात काढ," ते म्हणाले. "काढ म्हणतो ना. आरक्षणवाल्यांच्या हातात मशीन दिलं की हे असं होतं."

वर्गात एकोणीस मुलं होती. कोणी हसलं नाही. एकानं नुसतं विचारलं, "सर, हुआ क्या?"

"मॅडमने पूरा डिस्क उडा दिया."

मॅडम हा शब्द त्यांनी माझ्यासाठी त्या दिवशी पहिल्यांदा वापरला. एरवी मी 'ए, तू' होते. मी अडतीस वर्षांची. ते तिशीच्याही आतले.

भाईंदर पूर्वेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, मिठाईच्या दुकानावर त्यांचा कॉम्प्युटर क्लास. बारा मशीनं. मी लॅब अटेंडंट. कामं चार: सकाळी कव्हरं काढणं, हजेरी घेणं, बिघाडाच्या नोंदी करणं, संध्याकाळी कव्हरं घालणं. माझं बी.कॉम. झालेलं होतं, ते कोणी विचारलं नव्हतं. आडनाव मात्र पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आणि मग गाव.

लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टिमचा, नवा कोर्स सुरू करायचा होता आणि शिकवायला माणूस नव्हता. एका मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी पडून होती. मी म्हटलं, मी करून बघते. सर म्हणाले, "बघ. जमलं तर तुला शिकवायला देण्याचा विचार करू." त्या विचारासाठी मी तीन आठवडे दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून बसले.

जमलं होतं. लिनक्स मी व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवत होते, म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये. त्याला मेमरी आपण नेमून द्यायची. मशीनमध्ये ५१२ एमबी होती, मी २५६ दिली. जास्त दिली की दोन्ही रखडतात. डिस्क म्हणून आठ जीबीची एक फाईल करायची. मग सीडी घालून सुरू करायचं. बसता बसता लिनक्स विचारतं, या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल? नवशिके इथेच घाबरतात. घाबरायचं काही नसतं. पुसली जाते ती फक्त ती फाईल, आणि ती रिकामीच असते. मी 'हो' दाबलं. सुट्टी संपून मुलं आत आली होती, आणि सर नेमके तेव्हा मागे येऊन उभे राहिले. 'सगळं पुसलं जाईल' एवढंच त्यांनी वाचलं.

"सर, ती खरी डिस्क नाही..."

"मला शिकवू नको."

प्लग परत लावला तेव्हा विंडोज सुरू होईना. सरांनी बिघाडाचं रजिस्टर माझ्यापुढे टाकलं. "लिही. माझ्या चुकीमुळे मशीन नंबर सात बंद पडलं. खाली सही."

मुलं बघत होती. मी लिहिलं. अक्षर नेहमीसारखं नीट आलं, याचा मला आजही राग येतो.

दुसऱ्या दिवशी हार्डवेअरवाला आला. मशीन उघडून, लावून बघून म्हणाला, "लाइट गया था क्या? चालू में बंद हुआ है ये." मी सरांकडे बघितलं. सर मोबाईलकडे बघत होते.

रजिस्टरमधली ओळ तशीच राहिली. नुसती राहिली असती तरी एक वेळ चाललं असतं. प्रत्येक नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी सर ते पान उघडून वाचून दाखवायला लागले. लॅबमध्ये काय करायचं नाही, त्याचा नमुना म्हणून. मी तेव्हा दाराशी हजेरी घेत असायचे. मुलं आधी पान बघायची, मग मला.

आम्ही पश्चिमेला मोरवा गावाकडे भाड्यानं राहायचो. आईला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती.

"सही केलीस?"

"केली."

"आम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून आम्ही अंगठे उठवले. तुला तर वाचता येतं ना गं?"

एवढं बोलून ती पुन्हा मेथीला लागली. मी वही काढली आणि उद्याच्या कामांच्या वर लिहिलं: ती ओळ खोडून घ्यायची. ज्यानं लिहायला लावली त्याच्याच हातानं.

म्हणून काम सोडलं नाही. सोडलं असतं तर ओळ आत आणि मी बाहेर.

काही महिन्यांनी सर म्हणाले, "ते लिनक्सचं तू वहीत काय लिहून ठेवलंयस, ते टाईप करून दे." दिलं. मराठीत, एकवीस पायऱ्या, एक पान भरून वर चार ओळी. सरांनी वर स्वतःचं नाव घातलं आणि एका पानात बसावं म्हणून शेवटच्या तीन पायऱ्या कापल्या. अठराव्या पायरीला लिनक्स बसून झालेलं होतं. पुढचं त्यांना पाल्हाळ वाटलं. एकोणिसावी पायरी अशी होती: सीडी बाहेर काढा, मगच मशीन पुन्हा सुरू करा. नाही काढली तर ते सीडीवरूनच सुरू होतं आणि सगळं पहिल्यापासून विचारायला लागतं.

काशीगावच्या बाजूच्या एका कॉलेजची मुलं लिनक्स शिकायला आमच्याकडे येणार होती. ते पक्कं करायला तिथल्या मॅडम यायच्या होत्या. त्या सकाळी सरांच्या पानाच्या झेरॉक्स माझ्या हातात आल्या. काय कापलंय ते मी तेव्हाच पाहिलं. बोलले नाही. मुद्दाम बोलले नाही.

मॅडम, त्यांच्याबरोबरचे दोन शिक्षक आणि आमची पूर्ण बॅच. सरांनी पान बघत सगळ्यांसमोर लिनक्स बसवायला घेतलं. अर्धा तास लागला, तेवढ्यात चहा-समोसे झाले. 'झालं' अशी पाटी आली. सरांनी रीस्टार्ट दाबलं. स्क्रीनवर पुन्हा पहिलाच प्रश्न, भाषा कोणती?

"होता है," सर हसले. बंद केलं, चालू केलं. भाषा कोणती? तिसऱ्या वेळी ते पुढे पुढे दाबत गेले आणि 'सगळं पुसलं जाईल'पाशी थांबले.

मॅडम म्हणाल्या, "सर, बसलं होतं ना? मग परत पुसायला का मागतंय?"

सर माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "काय राहिलंय? पटकन सांग."

मी रजिस्टर उघडून पुढे केलं. "सांगते. आधी इथे लिहा. मशीन नंबर सात चालू असताना मी प्लग काढला, म्हणून ते बंद पडलं. सही करा."

"वेड लागलंय का तुला? लोक बसलेत."

"मी पण लोकांसमोरच लिहिलं होतं."

"हे बघ, लिनक्सची बॅच तुला देतो. बास?"

"ओळ लिहा."

पेन त्यांच्या हातात होतं. क्षणभर वाटलं, लिहितील. त्यांनी पेन खिशाला लावलं. "तुझ्यासमोर? मी?" आणि मॅडमकडे वळून मोठ्यानं, "सीडी खराब निघाली, मॅडम. सॉरी."

तेव्हा मला कळलं. चूक कोणाची, ते त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. कॉलेजचं वर्षभराचं काम घालवायला ते तयार होते, माझ्यासमोर कबूल करायला नव्हते. इतकी वर्षं मला वाटायचं, आपण आणखी शिकलो, आणखी नेमकं काम केलं, की ही माणसं सुधारतील. ते काम मी माझ्या यादीतून काढून टाकलं.

मी उठले. ड्राइव्हचं बटण दाबून सीडी काढली. मशीन पुन्हा सुरू केलं. लिनक्स सुरू झालं.

"सीडी चांगली आहे," मी मॅडमना म्हटलं. "सर खोटं बोलतात. मागेही बोलले होते."

रजिस्टरमधली ओळ सगळ्यांना वाचून दाखवली. हार्डवेअरवाला काय म्हणाला तेही सांगितलं. मग ती ओळ मीच खोडली. खाली खरं काय घडलं ते लिहिलं, सही केली. त्यांच्या हाताची मला गरज उरली नव्हती. सर ओरडत होते, "चालती हो." मी चालतच होते.

कॉलेजची मुलं त्यांच्याकडे गेली नाहीत. माझ्याकडेही आली नाहीत.

आता समोरच्या बिल्डिंगमध्ये माझा क्लास आहे. चार जुनी मशीनं. पहिल्या तासाला प्रत्येकाला व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स बसवायला लावते, पुसायला लावते, परत बसवायला लावते. हात घाबरायचा थांबेपर्यंत. जिना चढून येणाऱ्याचं नाव विचारते, आडनाव विचारत नाही. बरीच मुलं सरांच्या क्लासातून उठून आलेली आहेत.

ओळखीचे म्हणतात, "जाऊ दे ना ताई, चांगलं चाललंय ना आता?" चांगलं चाललंय म्हणून जाऊ देऊ? मध्ये सरांनी निरोप पाठवला, दोघं मिळून चालवू. निरोप घेऊन आलेल्याला चहा दिला. उत्तर दिलं नाही.

त्यांच्या पाच बॅचेस होत्या. तीन बंद पडल्या. सकाळी सातची आणि संध्याकाळची तेवढ्या उरल्या आहेत. सोमवारपासून मी सकाळी सातची बॅच सुरू करतेय. त्यानंतर संध्याकाळची.