बर्फात ठेवलेली मांडी

“नायट्रोजन! अरे नायट्रोजनमध्ये टाक! बर्फात नाही रे, बर्फात नाही!”

मी ओरडत होतो. उताणा, अर्ध्या चड्डीत, डाव्या मांडीला भोक, आणि आवाज असा की पलीकडच्या कालव्यातली बदकं उडाली असतील. आमच्या प्रयोगशाळेचा डच तंत्रज्ञ, सात फुटांना जरा कमी, माझ्या मांडीतून नुकतंच काढलेलं मांस कुपीत घालून ती कुपी बर्फाच्या बादलीत खोचून दाराकडे निघाला होता. शेजारच्या खोलीत वाढदिवसाचं गाणं सुरू झालं होतं.

“इंग्रजीत ओरड ना, मूर्खा!” ताई म्हणाल्या. ताई म्हणजे पुण्याहून आलेल्या, माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या संशोधक. त्या दोन्ही हातांनी माझी जखम दाबून बसल्या होत्या.

“तुम्हीच सांगा ना इंग्रजीत!”

“मी कशी सांगू? तू हलतोयस. रक्त येतंय!”

“येऊ दे! ताई, माझी साखर चाललीय!”

“हलू नकोस म्हटलं ना!”

असे आम्ही दोघं अस्सल मराठीत भांडत बसलो. डॉक्टरीणबाई टाक्याचा दोरा हातात धरून एकदा माझ्याकडे, एकदा ताईंकडे बघत होत्या. त्यांना वाटलं, मला दुखतंय. तंत्रज्ञ तोवर पसार.

आता बर्फ आणि नायट्रोजन यात असं काय आहे ते सांगतो, म्हणजे माझा संताप उगाच नव्हता हे पटेल. माणूस थांबला तरी स्नायू थांबत नाही. मांडीतून कापून काढला तरी तो तुकडा आपण अजून पळतोय असं समजून साखर मोडत राहतो आणि तिचं लॅक्टिक ॲसिड करत राहतो. बर्फात तो जरा हळू मोडतो, एवढंच. द्रव नायट्रोजनमध्ये टाकला तर जागच्या जागी गप्प होतो. सायकल मारताना आत काय चाललं होतं ते कळायला तो तसाच गप्प व्हावा लागतो, काही सेकंदांत.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. ही साखर मोडते कशी ते शोधणारी मंडळी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी बेडकांच्या तंगड्या घेऊन याच अडचणीत बसली होती. प्रत्येकाच्या ॲसिडचा आकडा वेगळा. जो तो दुसऱ्याला चुकीचा म्हणणार. शेवटी त्यांतल्या दोघांच्या लक्षात आलं, की मोजायला म्हणून स्नायू हाताळला की त्यातच ॲसिड वाढतं. मग त्यांनी तंगड्या बर्फगार अल्कोहोलमध्ये बुडवून चिरडल्या, आणि भांडण मिटलं. पुढे कुणी एकेक पायरी शोधली आणि त्याला स्वतःचा देश सोडून पळावं लागलं. एका बाईने नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून काम केलं, तर तिला वर्षानुवर्षं मदतनिसाच्या खुर्चीत बसवून ठेवलं. एवढ्या लोकांनी एवढं सोसून जे शिकवलं, ते आमच्या या दिव्य पुरुषाने केकसाठी बादलीत बुडवलं!

आणि तो तुकडा काही कुठल्या बेडकाचा नव्हता. आमच्या अभ्यासाला आठ स्वयंसेवक हवे होते. सात झाले. आठवा, नाव वल्हवणारा एक धिप्पाड विद्यार्थी, आदल्या आठवड्यात “मला सुई आवडत नाही” असं दोन ओळींत कळवून मोकळा झाला. माझा करार महिनाअखेरीस संपत होता आणि इथं राहण्याचा परवाना त्या करारावर टांगलेला. आठवा आकडा आला तर लेख, लेख झाला तर मुदतवाढ. नाही तर फोरबर्गचं भाड्याचं घर, बायकोची नोकरी, शाळेतून आल्यावर माझ्याशी डचमध्येच बोलणारी माझी लेक, सगळं सामानात बांधायचं. म्हणून परवानग्या काढून मीच यादीत शिरलो. त्या सकाळी जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर मी एवढी पायडलं मारली, की सरळ रस्त्यावर असतो तर आर्नहेम ओलांडून जर्मनीत पोचलो असतो. घामात खालचं यंत्र तरंगायला लागलं. मग मांडी बधिर केली आणि अर्धा किलो मांस काढलं.

“अर्ध्या वाटाण्याएवढं,” ताई हे वाचतील तेव्हा म्हणतील. तेव्हाही म्हणाल्याच होत्या.

वाटाणा तर वाटाणा. माझा होता.

शेजारचं गाणं संपलं. मग टाळ्या. मग इथली ती रीत, जिचा वाढदिवस तिचं अभिनंदन करायचं आणि शिवाय खोलीतल्या प्रत्येकाचंही करायचं, जणू सगळ्यांनी मिळून तिला जन्म दिला. एकेकाशी हात मिळवत तो उंट फिरत असणार. मी पडल्या पडल्या मोजत होतो. ताईंनी “चार मिनिटं झाली” म्हटलं. मी “चाळीस” म्हटलं.

तो आला. ओठाला साय. माझ्याकडे झुकून मोठ्या प्रेमाने हात पुढे केला.

“अभिनंदन!”

“कशाबद्दल?” या वेळी इंग्रजीत.

“आपल्या सहकारिणीचा वाढदिवस आहे.”

“माझं मांस कुठंय?”

“बर्फात. आम्ही एन्झाइम नेहमी बर्फातच ठेवतो.”

“हे एन्झाइम नाही! हा माझा पाय आहे! तुझ्या केकमध्ये साखर आहे, माझ्या कुपीत आता नाही. खाल्लीस ना माझी साखर?”

“माझ्या केकमध्ये साखर नव्हती,” तो गंभीरपणे म्हणाला. “तिला मधुमेह आहे.”

मी उठून बसलो. ताईंनी खांदे दाबले. “अरे, टाका तुटेल!” म्हणाल्या, आणि लगेच त्याच्याकडे वळून शांत इंग्रजीत, एका दमात, नायट्रोजन का हवा होता ते समजावलं. त्याचा चेहरा उतरला. कानांपर्यंत लाल झाला. म्हणाला, “मला वाटलं त्याला दुखतंय म्हणून ओरडतोय.” सॉरी म्हणाला, तीनदा. माझा राग तसूभर कमी झाला नाही. उलट वाढला. आता हा चांगला माणूसही निघणार!

कुपीतला तुकडा तपासला. ॲसिड इतकं वाढलेलं, की कागदावर मी दमून मेलो होतो.

पट्टी बांधून, भिंतीला धरत, मी तिसऱ्या मजल्यावर आमच्या प्राध्यापिकांच्या खोलीत गेलो. लिफ्ट होती, पण रागात लिफ्ट घेता येत नाही. त्यांना सगळं सांगितलं: बर्फ, केक, अभिनंदन, बेडूक, तो देश सोडून पळालेला, ती मदतनिसाच्या खुर्चीतली बाई, माझा करार, माझी लेक. म्हटलं, त्याला हाकला नाही तर करार वाढवा, मला दोन्हींपैकी एक पाहिजे. टेबलावर हातही आपटला. त्यांचा पेनांचा डबा कलंडला.

त्यांनी पेनं एकेक करून डब्यात ठेवली. संगणकावर कॅलेंडर उघडलं.

“उजवा पाय आहे ना तुला?” त्या म्हणाल्या. “मंगळवारी साडेनऊला जमेल?”